नळीवरचं कुंकू

बंदूक चुलीच्या वर टांगायची असते. हे मुंबईच्या माणसाला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग घाबरतो. घाबरायचं काही कारण नाही. ठासणीची बंदूक भरून कोणी घरात ठेवत नाही. दारू ठासायची ती शेतात उभं राहून, आणि घरी आल्यावर नळीत गज घालून ती रिकामी आहे ना हे बघितल्याशिवाय खुंटीवर चढवायची नाही. मग उरलं काय, एक लोखंडाची नळी आणि एक लाकडाचा दस्ता. त्या दोघांना भीती आपली नाही, पाण्याची.

पोलादपूरच्या वर आमची वाडी आहे. इथे पावसात भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. पेटीतल्या धोतराला बुरशी येते, काडेपेटी पेटत नाही, मीठ पाणी होऊन वाहतं. घरात एकच जागा कोरडी राहते, ती चुलीच्या डोक्यावरची. तिथे धूर आणि ऊब दोन्ही मिळतं. लोखंडावर धुराचा असा पातळ लेप बसतो की तेल लावायची गरज पडत नाही. आज्यानं तिथे भिंतीत दोन खुंट्या ठोकल्या. शेतरक्षणाचं लायसन आज्याच्या नावावर होतं, मग बापाच्या नावावर झालं, आता माझ्या नावावर आहे. नाचणी भरात आली की डुकरं येतात. तेव्हा बंदूक आभाळाकडे करून एक बार काढायचा. डुक्कर पळतं, आपणही झोपतो. ह्यापलीकडे त्या बंदुकीनं काही शौर्य गाजवलेलं नाही. तिच्यासाठी कोणी मिशीला पीळ दिला नाही.

मी समजत होतो की बंदूक मी सांभाळली. लायसन माझं, बार मी काढणार, पोलीस ठाण्यात दाखवायला मी नेणार. ती खरी सांभाळत होती आमची बायको, रोज चूल पेटवून. हे मला ती गेल्यावर कळलं, आणि तेसुद्धा लगेच कळलं नाही.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजतात. आमच्याकडे कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि मधोमध बंदूक. पूजा बाप्यानं करायची, पण हळदकुंकवाचं पहिलं बोट घरातल्या बाईनं लावायचं, ही आमच्या घरची रीत. ही लग्न होऊन आली त्या पहिल्या नवमीला बापानं तिला सांगितलं, "सूनबाई, कुंकू तेलात कालव. पानी लोखंडाला चावतं."

सासऱ्याला उलट बोलायची रीत नव्हती. ती खाली मान घालून आत गेली आणि आईला म्हणाली, पण अशा आवाजात की ओटीवर सगळ्यांना ऐकू यावं, "आत्याबाई, तेलात कालवायला ही काय मारुती हाय शेंदूर लावायला? आमच्याकडं कुंकू पान्यात कालवतात."

बाप पोट धरून हसला. आईनं आतून म्हटलं, "लाव गो तुला लावायचं तसं. गंजली तर तूच घास."

झालं. तेव्हापासून कुंकू पाण्यात. पण गंजू दिली नाही तिनं कधी. दसऱ्याच्या दिवशी उजाडलं की तिचं पहिलं काम ते. चूल पेटवायची, चहाचं आधण ठेवायचं, आणि आधणाला उकळी येईपर्यंत बंदूक मांडीवर आडवी घेऊन तेलाच्या फडक्यानं कुंकू काढायचं. पुसलं म्हणू द्यायची नाही. मी एकदा म्हणालो, "पुसून झालं असंल तर दे वर टांगतो," तर माझ्यावर धावून आली. "सणासुदीला पुसलं म्हनू नका. उतरवलं म्हना." मग मी उतरवलं म्हणायला लागलो. कोण रोज भांडणार.

शेवटच्या नवमीला तिनं बोट लावलं तेव्हा तिचा हात कापत होता. पायाला सूज होती, चालताना दम लागत होता, पण विचारलं की म्हणायची, काय नाय, वय झालं. कुंकवाचं बोट नळीच्या बुडाशी लागलं, जिथे बार पेटवणारी केप बसते त्याच्या जवळ, आणि ते गोल न होता लांबट झालं. ती म्हणाली, "टिळा वाकडा झाला. राहूंदे, उद्या उतरवायचाच हाय."

दुसऱ्या दिवशी तिला उठता आलं नाही. श्वास लागला होता. वाडीतल्या पोरांनी जीप वर आणली, निघताना मी बंदूक टिळ्यासकट तशीच खुंट्यांवर चढवली. महाडला नेलं, तिथून मुंबईला न्या म्हणाले, मुंबईला नेलं. पोरगा तिथेच असतो, त्यानं धावपळ केली. दिवाळीच्या आधी ती गेली. गाडीतून परत आणली तेव्हा दारात दसऱ्याचं झेंडूचं तोरण वाळून तसंच लटकत होतं. ते काढायला कोणी घरी नव्हतं.

बायकांनी तिची ओटी भरली, मळवट भरला. हिरवं लुगडं नेसवलं. जी ती म्हणत होती, भाग्याची गेली, सवाष्ण गेली. मी तिथेच भिंतीला टेकून बसलो होतो. म्हणजे मी मागे राहिलो हे तिचं भाग्य. असेल. मला त्यात भांडायचं नव्हतं.

पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात बसली आहे. बाप्या गेला की मागे राहिलेल्या बाईचं कुंकू काढतात, बांगड्या फोडतात. ती रीत वाईटच, मी तिला बरी म्हणत नाही. माझ्या आईचं तसं करताना मी बघितलं आहे आणि मला तेव्हाच त्या बायकांचा राग आला होता. पण बायको गेली की बाप्याचं काहीच काढत नाहीत. तोच सदरा, तीच टोपी. क्रिया पोरानं केली म्हणून डोकंही त्यानंच भादरलं. महिन्याभरानं मी बाजारात गेलो तर मला बघून कोणाला काही कळलं नाही. एकानं विचारलं, "काय, वहिनी बरी हाय ना?" मी म्हणालो, "बरी हाय." परत सगळं सांगायचा कंटाळा आला.

सून महिनाभर राहिली. तिला चुलीची सवय नाही, तिनं पडवीत गॅसची शेगडी मांडली. ती मुंबईला परत गेल्यावर मीही गॅसवरच करायला लागलो. भात, डाळ, कधी अंडं. चूल थंड पडली. एका वैलात मांजरीनं पिलं घातली, मी हाकलली नाहीत.

पुढच्या वर्षीचा दसरा आला, पण वर्ष भरलेलं नव्हतं. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात वर्ष सरेपर्यंत सण नाही. हत्यारं पूजली नाहीत, बंदूक खाली काढली नाही. डुकरं आली तर पत्र्याचा डबा वाजवला. काही नाचणी त्यांनी खाल्ली, काही मी. मग हिवाळा, उन्हाळा, परत पाऊस. बंदूक वरच होती. माझी मान वर होत नाही आता फारशी, आणि चुलीकडे जायचं काही कारणही नव्हतं.

यंदा नवरात्राच्या आधी लेक आली. तिला तुडीलला दिली आहे. पदर खोचून तिनं घर झाडायला काढलं, मांजरी हाकलल्या, देव घासले, मला दोनदा आंघोळ कर म्हणाली.

"आबा, यंदा खंडेनवमी करायची. वरीस कवाच झालं."

"कर की. मी कुठं नको म्हनतो?"

"मंग बंदूक काढा खाली."

"राहूंदे ती."

"राहूंदे कशी? देव घासले नि हत्यार तसंच? आये असती तर ऐकून घेतलं असतं काय तिनं?"

"आये असती तर तिनंच काढली असती."

लेक स्टुलावर चढली. बंदूक माझ्या हातात देताना म्हणाली, "अगं बाय माझे." तिच्या दोन्ही तळव्यांना लाल लागलं होतं. मी गज घालून नळी रिकामी आहे ते बघितलं, सवयीनं, आणि मग उजेडात नेली.

काळीभोर नळी होती ती. आता तिच्यावर गेरू फासावा तसा गंज. घोडा जागेवर चिकटला होता, चापही हलत नव्हता. नळीच्या बुडाशी तो टिळा होता. लांबट, वाकडा, वाळून काळसर लाल झालेला. कडेनं पिवळा गंज फुटून वर आला होता, आणि त्याच्या मधोमध ते कुंकू अजून कुंकूच होतं. ते उतरवायचं राहिलं होतं.

लेकीनं पदराचं टोक धरून बोट पुढे केलं.

"हात लावू नको!"

मी एवढ्यानं ओरडलो की तीही दचकली आणि मीही.

"अवो आबा, गंज हाय तो. खातोय बघा लोखंड."

"आयेचं कुंकू हाय ते."

तिचे डोळे भरले, पण ती आईवर गेली आहे, रडायच्या आधी बोलते. "मंग काय करायचा इचार हाय? असंच ठेवायचं? कपाटाला काच लावून ठेवा, शेजारी तुम्हीबी बसा. लोकं बघायला येतील."

तेवढ्यात पोराचा फोन आला. तिनं त्याला सगळं सांगितलं आणि फोन मोठ्या आवाजावर करून माझ्यापुढे धरला.

"आबा, देऊन टाका ना ती पोलीस स्टेशनला," पोरगा म्हणाला. "मी येतो, अर्ज करू, सरेंडर करू. आता डुकरांसाठी मशीन मिळतं, आवाज काढतं. ऑनलाइन मागवतो."

"डुकराला ऑनलाइन समजतं काय?"

"चेष्टा नका करू. तुम्ही तिथं एकटे, आणि घरात बंदूक. मला झोप लागत नाही."

त्याच्या मनात काय आहे ते मला समजलं. वाईट नाही वाटलं. माझा बाप असा एकटा राहिला असता तर माझ्याही मनात आलं असतं. मी म्हटलं, "बाबा, मला जेवायचे कष्ट होतात. मरायचे कष्ट कोण करतो? तू झोप."

लेक हसली, मग तिला रडू आलं. फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी ती तुडीलला गेली, नवमीला येते म्हणाली. जाताना म्हणाली, "निदान कोनाला तरी दाखवा."

दाखवायला एकच माणूस होता. महाडच्या बाजारात पूर्वी ठासणीच्या बंदुका दुरुस्त करणारा मिस्त्री होता, माझ्याच वयाचा. आता त्याच्या दुकानात पोरगा नळाच्या तोट्या आणि कुलपं विकतो. नळी दस्त्यापासून सोडवून मी गोणपाटात गुंडाळली, लायसन खिशात घातलं आणि एसटीत बसलो. कशेडीत कुठे दरड आली होती, गाडी रत्नागिरीकडून येणारी, ती रेंगाळत आली. आमच्या वयाला एसटी फुकट आहे. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, पहार घेऊन कुठं?" मी म्हणालो, "लग्नाला." उगाच सगळ्या गाडीला कशाला घाबरवायचं.

मिस्त्री दुकानाच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता.

"कोन रे? अजून हायस?"

"हाय. तूपन हायस की."

"मी काय, पोरानं बसवलाय. कुलपं राखायला."

त्यानं नळी रस्त्याच्या उजेडाकडे धरून आत एक डोळा लावला. आतून बरी आहे म्हणाला, धुरानं राखली आहे. मग त्याचा अंगठा बाहेरून फिरत फिरत बुडाशी आला आणि थांबला.

"हे काय?"

"कुंकू."

"पान्यातलं?"

"पान्यातलं."

"ह्या बायका." त्यानं टेबलाखालून तारेचा ब्रश काढला. "बारुदीचा सगळा धक्का हितं बसतो, आनि गंजानं हितंच धरलंय. खाली किती खाल्लंय ते बघाय हवं."

मी नळी त्याच्या हातातून ओढून घेतली. पोरगा काउंटरवरून बघायला लागला.

"अरे, काढल्याशिवाय कळनार कसं?"

"घरी काढतो."

"घरी काय मुहूर्त धरलायस?"

मग मी त्याला सांगितलं. ती गेली, हा तिचा शेवटचा टिळा. मिस्त्रीनं ब्रश परत खाली ठेवला. "माझीबी गेली," तो म्हणाला. "लई वर्षं झाली. तुला कळवलं नव्हतं काय?" कळवलं नव्हतं. कळवलं असतं तरी मी आलो असतो की नाही सांगता येत नाही, भातलावणी असती, काहीतरी असतं.

चहा आला. चहा पिताना तो म्हणाला, "हे बघ. घरी जाऊन ते काढ. खाली खळी पडली असंल, पडलीच असंल. तिच्यात तांदळाचा दाना ठेव. दाना वर राहिला तर काय नाय, बार काढ आनखी दहा वर्षं. दाना आडवा आत बसला तर परत दारू घालू नको. तोंडावर फुटंल. मंग ती पूजेपुरती."

"आनि बाकीचा गंज?"

"बाकीचा सोपा हाय. राख नि डिझेल. मंग नळीत कडकडीत पानी ओत, वरनंबी ओत. लाल गंज काळा पडतो. काळा पडला की काथ्यानं घास. आनि मंग उबेला ठेव, आतला थेंब राहता कामा नये. चूल हाय ना घरात?"

"हाय," मी म्हणालो. चूल होतीच.

घरी येऊन कामाला लागलो. राख लागणार होती, आणि माझ्या चुलीत राख नव्हती, मांजरीचे केस होते. शेजारी गेलो. शेजारीण म्हणाली, "साखर मागायला येतात, राख मागायला आलेलं मानूस पयलं बघत्ये." पण टोपलंभर दिली. पॉवर टिलरवाल्याकडून बाटलीभर डिझेल आणलं. नारळाचं सोडण ठेचून काथ्या काढला. पडवीत बसायचं, नळी मांडीवर घ्यायची, डिझेलचं बोट फिरवायचं, राख टाकायची आणि घासायचं. माझी बोटं आता नीट मिटत नाहीत. थोडं घासलं की थांबायचं, अंगणातल्या कोंबड्या बघायच्या, परत घासायचं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, त्यामुळे गंज कुठे राहिला ते डोळ्यानं कमी आणि अंगठ्यानं जास्त कळायचं. घोडा डिझेलात भिजत घातला, तो शेवटी सुटला. चापही हलायला लागला. त्या दिवशी मला बरं वाटायला हवं होतं. मी जेवलो आणि झोपलो.

नवमी दोन दिवसांवर आली तोवर सगळी नळी घासून झाली होती. टिळा तेवढा राहिला. त्याच्या चारी बाजूंनी राख फिरवली होती, शेत नांगरताना देवाचा दगड सोडून नांगरतात तसा तो सोडला होता. आता पाणी ओतायचं बाकी होतं. नळीच्या तोंडातून पाणी ओतलं की ते केपेच्या भोकातून बाहेर येतं, आणि ते भोक टिळ्याच्या वरच आहे. म्हणजे मी नाही काढला तरी पाणी काढणार. कडकडीत पाणी दोन वर्षांचं कुंकू धुऊन अंगणात नेणार, आणि कोंबड्या त्यावरून चालणार.

सकाळी उठून मी चूल पेटवायला बसलो. आधी राहिलेले केस आणि कचरा काढला. लाकडं कोरडी नव्हती. काड्या लावल्या, कागद लावला, फुंकलं. धूर झाला, जाळ नाही. तिला कधी एवढा वेळ लागलेला मला आठवत नाही. मी ओटीवरून हाक मारायचो, चहा झाला काय, आणि चहा झालेला असायचा. ती आधी खाली काय घालायची, बारीक काटक्या की शेणी, हे मी एवढ्या वर्षांत कधी बघितलं नव्हतं. फुंकून फुंकून डोळ्याला धारा लागल्या. धुराच्या होत्या. बाकीच्या असतील तर त्यात मिसळल्या.

शेवटी धरलं. एका वैलावर पाण्याचं पातेलं ठेवलं, आणि मग दुसऱ्यावर चहाचं आधणही ठेवलं. चहाची मला गरज नव्हती. पण ते उतरवायचं काम आधणाला उकळी येईपर्यंतच करायचं असतं, मी ते एवढी वर्षं बघत आलो होतो.

मिस्त्री तारेच्या ब्रशनं काढणार होता. मी ब्रश घेतला नाही. तिचं फडकं फळीवर तांब्याच्या मागे होतं, तेलानं चिकट झालेलं, तिच्या जुन्या लुगड्याचं. त्यावर खोबरेल टाकलं, नळी मांडीवर आडवी घेतली आणि टिळ्यावर फडकं ठेवलं. बराच वेळ नुसतंच ठेवलं. मनात म्हटलं, माझ्या अंगावरचं काही काढायचं राहिलं होतं, ते हे. मग अंगठा फिरवला.

कुंकू लगेच सुटलं. मला वाटलं होतं हट्ट करील. फडक्याला लाल लागलं, मग तपकिरी, मग नुसता गंज यायला लागला, पापुद्र्यांनी. त्याच्याखाली खळी होती. लांबट, किंचित वाकडी, बोट टेकवल्यासारखी. पाण्यातलं कुंकू दोन पावसाळे तिथे बसून लोखंड खात होतं आणि त्यानं तिचं बोट तेवढं खणून ठेवलं होतं.

डब्यातून तांदळाचा दाणा आणला. खळीत ठेवला. आडवा बसला. वरून बोट फिरवलं तर बोटाला लागलासुद्धा नाही.

चहाला उकळी आली होती, उतू गेला. जाऊ दिला.

म्हणजे ह्यापुढे बार नाही. आज्यानं, बापानं, मी ज्या बंदुकीनं डुकरं हाकलली ती आता पूजेपुरती. मी वाईट वाटायची वाट बघत बसलो, तर वाईट असं काही वाटलं नाही. थकल्यासारखं वाटलं. कितीतरी दिवस मी त्या टिळ्याला सांभाळत होतो, आणि मी सांभाळत होतो तेवढे दिवस तो खातच होता.

मग पाणी ओतलं. पडवीच्या कडेला नळी उभी धरून, पातेल्यावर पातेलं. मिस्त्री म्हणाला तसं खरंच झालं, राहिलेला लाल गंज बघता बघता काळा पडला. हात भाजला, शिव्या दिल्या. काथ्यानं घासली, परत पाणी, परत काथ्या. मग चुलीच्या उबेला धरून वाळवली, तेल लावलं, दस्त्यात बसवली. नळी काळी झाली, पण पूर्वीसारखी नाही. ठिकठिकाणी डाग राहिले, माझ्या हातावर आहेत तसे.

नवमीला लेक आली. झेंडू घेऊन आली. बंदूक हातात घेऊन तिनं टिळा होता तिथे बोट लावून बघितलं आणि बोट तिथेच ठेवलं. पाटावर कोयता, कुऱ्हाड, फाळ, मधोमध बंदूक मांडली. कुंकवाचा करंडा काढला आणि माझ्याकडे बघायला लागली.

"लाव," मी म्हणालो.

"मी कशी लावू? मी तुडीलची. ह्या घरच्या बाईनं लावायचं."

"सून मुंबईला हाय."

"मंग तुम्हीच लावा."

"बाप्या लावत नाय पयलं बोट."

"कोन बघतंय, आबा? मी नाय सांगायची कोनाला." मग तिनं वाटी पुढे केली. "तेलात कालवू?"

"पान्यात."

"परत गंजंल की! एवढी घासलीत ती कशाला?"

"उद्या सकाळी उतरवीन ना."

तिनं पाण्यात कालवलं. मी बोट बुडवलं. कुठे लावायचं ते शोधावं लागलं नाही, डोळ्याला नीट दिसत नसलं तरी. माझं बोट तिच्यापेक्षा जाड आहे, ते खळीत पुरतं मावलं नाही, थोडं बाहेर राहिलं. टिळा काही चांगला झाला नाही. लेक म्हणाली, "वाकडा झाला." मी म्हणालो, "राहूंदे."

दसऱ्याला उजाडताच उठलो. चूल पेटवली, ह्या खेपेला लवकर धरली, लेकीनं आदल्या दिवशी काटक्या आत घेऊन ठेवल्या होत्या. आधण ठेवलं आणि उकळी यायच्या आत कुंकू उतरवलं. फडकं तांब्याच्या मागे ठेवलं. लेकीनं स्टुलावर चढून बंदूक खुंट्यांवर चढवली.

पोराला सांगितलं आहे, आता तिच्यात दारू जाणार नाही, तू झोप. लायसनाचं पुढे काय करायचं ते तू आणि पोलीस बघा. मी असेपर्यंत ती तिथे राहील. पण तिथे ठेवायची तर खाली चूल हवी, नाहीतर पुढच्या पावसात परत तेच. म्हणून आता रोज सकाळी चूल पेटवतो. पेटली आहेच तर तिच्यावर चहा करतो. चहा झाल्यावर जाळ उरतो, तो फुकट कशाला घालवायचा म्हणून भाकरी थापतो. एका बाजूनं करपते, दुसऱ्या बाजूनं कच्ची राहते. खातो.